सकाळी पेंगणारं मशीन

आमच्या देब्रे बिरहान गावात कुणाचं भांडण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेलं, की तो माणूस आधी वकिलाकडे जात नसे. आधी गाशे मेकुरियांकडे जाई. कोर्टासमोरच्या उतारावर टायपिंगची दुकानं आहेत, एकाला एक चिकटून. त्यातलं निळ्या दाराचं येशिमेबेतचं. तिथे खिडकीपाशी, मेंढीचं कातडं घातलेल्या खुर्चीत, अंगाभोवती पांढरा जाड गाबी लपेटून गाशे बसलेले असत. सगळ्या गावाचे ते गाशे, म्हणजे वडीलधारे काका. त्यांच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा त्यांना गाशेच म्हणत, आणि एकेरीत हाक मारायची कुणाची छाती नव्हती.

माणसं यायची ती रागाने फणफणत. "लिहा गाशे, माझा भाऊ सैतान आहे!"

"सैतान लिहिला तर जज्ज म्हणेल, सैतानाला हजर करा. कुठून आणशील?" गाशे चष्म्यावरून बघत विचारायचे. "बांध कुणी सरकवला ते बोल. कोणी पाहिलं ते बोल. शिव्या राहू देत, त्या घरी जाऊन भावालाच दे."

आणि बोटं सुरू. समोरचा अजून हातवारे करत असायचा, तोवर इकडे अर्ज तयार. त्याला वाचता येत नसलं तर गाशे मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि तो मान डोलावून म्हणायचा, "हेच! अगदी हेच म्हणायचं होतं मला." त्याला ते मुळीच म्हणायचं नसायचं. पण कोर्टात जायला तेच लागतं, आणि अर्ध्या भांडणांचा राग तर गाशेंच्या खुर्चीसमोरच उतरून जाई.

टायपिंग ते राजाच्या अमदानीत शिकले. तेव्हाचं आमच्या लिपीचं टाइपरायटर म्हणजे काय सांगावं! एकेका अक्षराला दोन-दोन ठोके, मधेच गाडा मागे ओढायचा, बोटांची नुसती हाडं व्हायची. राजा गेला, लष्कर आलं, लष्कर गेलं, आणखी कोण कोण आलं. प्रत्येकाची फर्मानं गाशेंनीच टाइप केली आणि प्रत्येकाविरुद्धचे अर्जही त्यांनीच. सरकारी नोकरी संपली तेव्हा बायको नुकतीच गेलेली. घरी मुलगी सेनाईत होती, मायेची, पण तोंडाने फटकळ. रिकाम्या हातांनी घरात बसायचं म्हणजे गाशेंना ब्रह्मांड आठवायला लागलं.

येशिमेबेत त्या वेळी कोर्टाच्या कुंपणाला लागून चहा विकत होती. एकटी बाई, नवरा कामासाठी म्हणून दूर गेला तो गेलाच. गाशे रोज तिच्याकडे चहा प्यायचे. एक दिवस तेच म्हणाले, "येशी, चहाच्या धुराने डोळे घालवून घेशील. एक मशीन घे. मशीन तुझं, बोटं माझी."

म्हणजे दुकानाची कल्पना गाशेंची. हे मी मुद्दाम सांगून ठेवतोय, कारण पुढे ते सगळेच विसरले, आणि सगळ्यांत आधी येशी विसरली.

मशीनही गाशेंनीच शोधलं. परदेशी माणसांचं एक ऑफिस गावातून गुंडाळलं गेलं, तिथले कॉम्प्युटर विकायला काढले होते. त्यातला एक त्यांनी निवडला. तेव्हाच तो म्हातारा होता. पांढऱ्या डब्याचा रंग लोण्यासारखा पिवळा पडलेला, चालू केला की घसा खाकरल्यासारखा आवाज करायचा. पण चालायचा छान. कोर्ट उघडायच्या वेळेला दारात रांग लागायची, गाशे टाइप करायचे, येशी छापून द्यायची, झेरॉक्स काढायची, पैसे घ्यायची. दोघांचं झकास जमलं होतं. येशीचं लक्ष सगळं गल्ल्यावर आणि झेरॉक्सवर. कीबोर्डला तिने हात असा कधी लावला नाही, आणि लावायची गरजही पडली नाही.

आता वेळेचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे घड्याळ सूर्याबरोबर उठतं. ऊन जरा वर आलं की एक वाजतो, दुकानं उघडतात तेव्हा दोन, आणि सूर्य डोक्यावर आला की सहा. रात्रीचा हिशोब पुन्हा अंधार पडल्यापासून नव्याने. मशीन बिचारं फिरंगी वेळ दाखवायचं. आमचे दोन वाजले की त्याच्या कोपऱ्यात आठ. सहाचा फरक. सगळ्यांना माहीत असतं, सगळे मनातल्या मनात सहा वजा करतात आणि पुढे जातात.

गाशेही करायचे. पण एका सकाळी ते कुणाच्या तरी वाटणीच्या अर्जात अगदी बुडून गेले होते. बाकावर एक शेतकरी बसला होता, त्याची तारीख त्या दिवशी नऊ वाजता, म्हणजे दुपार कलल्यावर. तो म्हणाला, "गाशे, किती वाजले हो?" गाशेंनी मान न फिरवता कोपऱ्यात पाहिलं. "अरे नऊ वाजले! पळ, पळ!"

बिचारा काठी टाकून धावत सुटला. कोर्टात जाऊन बघतो तर शिपाई नुकता कुठे झाडू मारून बाहेर आलेला. परत आला तो दुकानात हसून हसून लोकांची पोटं दुखत होती.

"गाशे फिरंगी झाले!"

"गाशे, आता पाव खा, इंजेरा सोडा!"

गाशेही हसले. पण त्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला वेळ सांगताना खिडकीतून सूर्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं नाही. येशीच्या ते लक्षात आलं. गाशे घरी गेल्यावर तिने मशीनचं घड्याळ शोधून काढलं आणि सहा तास मागे फिरवलं. दुकानात इंटरनेट नव्हतं, त्यामुळे फिरवलेलं घड्याळ तसंच राहिलं. सकाळी गाशेंनी कोपऱ्यात पाहिलं, मग येशीकडे पाहिलं.

"दोन वाजलेत," ते म्हणाले.

"मग? दुकान उघडतं तेव्हा दोनच वाजतात," येशी झेरॉक्सच्या कागदात डोकं खुपसून म्हणाली.

"देव तुला माझं आयुष्य देवो," म्हातारा म्हणाला. एवढ्याशा गोष्टीला एवढा मोठा आशीर्वाद! येशीला हसू आलं. मग ती ते विसरून गेली. चांगलं केलेलं माणूस विसरतंच, त्यात वाईट काही नाही. इथे मात्र ते विसरणं भोवलं.

त्यानंतर कधीतरी मशीन हळू झालं. नेमकं कधी, हे कुणी लक्षात ठेवलं नाही. हळू होणं काही दार वाजवून येत नाही. गाशे शब्द टाइप करायचे आणि पडदा कोरा. हात उचलून थांबायचे. मग ती अक्षरं एकदम भडाभडा यायची. पुन्हा शब्द, पुन्हा थांबणं. एका अर्जाला जिथे एक कप कॉफी पुरायची तिथे आमच्या रिवाजाच्या तिन्ही फेऱ्या होऊन कॉफीचं भांडं थंड व्हायला लागलं. रांग दारातून रस्त्यावर गेली, आणि रस्त्यावरून शेजारच्या दुकानांत.

मग काय, सगळं गाव डॉक्टर! "धूळ झाली असेल," म्हणून येशीने डबा उघडून फुंकर मारली; नाकातोंडात एवढी धूळ गेली की दिवसभर शिंकत होती. कुणी म्हणालं थंडी. आमच्या गावची थंडी तशी हाडं फोडणारीच. "सकाळी माझी गुडघ्याची वाटी आखडते, मशीन का नाही आखडणार?" असं कोर्टाच्या शिपायाने सांगितलं, आणि येशीने खरंच दोन दिवस मशीनशेजारी निखाऱ्यांची शेगडी ठेवली, रात्री त्याच्यावर जुना गाबी पांघरला. निखाऱ्याच्या धगीने पडद्याची कड वितळायला आली, तेव्हा शेगडी हलली. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं नजर लागली. एका पुजाऱ्याने तर मारियमच्या देवळातलं तीर्थ शिंपडायची तयारी दाखवली. गाशेच आडवे आले. "बाबा, मला शिंपडा हवं तर. त्याला पाणी चालत नाही."

शेवटी सुराफेलला बोलावलं. सुराफेल शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा, हुशार, पण जरा घाईतला. सकाळी त्याची शाळा, त्यामुळे यायचा तो दुपारी जेवून. आला, बसला, चार कळा दाबल्या. मशीन टकाटक चालत होतं.

"याला काय झालंय? मस्त तर आहे."

"सकाळी बघायला हवं," गाशे म्हणाले. "दुपारी ते बरं असतं. सकाळी याला झोप येते."

"मशीनला झोप येते?" सुराफेल हसला. येशीही हसली. गाशेंनी खांदे उडवले. "मला काय कळतंय? मी आपलं दिसतं ते सांगतो. सकाळी याचा हा दिवा लुकलुकत राहतो आणि पोटात कुरकुर चालू असते. झोपेत दात खातात ना माणसं, तसं."

सुराफेलने नको ती गाणी आणि सिनेमे पुसून टाकले, मेमरीची एक पट्टी वाढवली. पुढच्या वेळी आला, पुन्हा दुपारीच, तेव्हाही मशीन छान. तिसऱ्यांदा आला तेव्हा गाशे कॉफीला बाहेर गेले होते. त्याने डब्याला झाकण लावलं आणि हात झटकत म्हणाला, "इतिये येशी, तुम्हाला मी थोरली बहीण मानतो म्हणून बोलतो. मशीन ठीक आहे. बसणारा हळू झालाय."

येशीच्या कानात एकदा पडलेलं ते काही केल्या बाहेर जाईना. मग तिला सगळीकडे तेच दिसायला लागलं. गाशे शब्द टाइप करून हात उचलून बसलेले दिसले की वाटायचं, विसरले पुढचं. सकाळी मशीन सुरू करून बाहेर कॉफीला गेले की वाटायचं, टाळतायत. चष्मा पुसायला लागले की वाटायचं, गेले डोळे. पडदा दिसायचा तो गाशेंना. येशीला मागून त्यांची फक्त पाठ दिसायची, आणि थांबलेले हात.

शेजारच्या दुकानात सकाळी रांग वाढत होती. येशीच्या दुकानाचं सगळं पोट सकाळवर होतं; दुपारी कोर्टात अर्ज घेणारा कारकूनही पेंगतो. असंच चाललं असतं तर निळं दार बंद करून पुन्हा चहाचा धूर. रात्री तिला झोप लागेना. आणि जे कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर तिने त्याची जीभ हासडली असती, ते एका सकाळी तिच्याच तोंडून बाहेर पडलं, भर दुकानात, रांगेसमोर.

"गाशे, झोप मशीनला येते की तुम्हाला?"

कुणीतरी उगाच खोकलं. गाशेंनी हात मांडीवर ठेवले. मग अगदी हळू, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "येशी, एक सकाळ तू बस इथे. एकच."

"आणि झेरॉक्स कोण काढणार? गल्ला कोण बघणार? मला तुमच्यासारखं निवांत बसायला वेळ आहे का?"

झालं. ती बसली नाही. अहो, पाच पावलांवर होती खुर्ची! बसून आपलं नाव जरी टाइप करून पाहिलं असतं तरी कळलं असतं. पण माणूस एकदा कुणाला म्हातारा ठरवून बसला की तपासायचं काही उरतच नाही.

मेस्केलचा सण झाला, टेकड्या पिवळ्या फुलांनी भरल्या, आणि येशीने गाशेंना घरी राहायला सांगितलं. वाईट शब्दांत नाही. "तुम्ही खूप केलंत गाशे, आता विश्रांती घ्या," असं. कधीकधी हे शब्द शिवीपेक्षा जास्त लागतात. गाशेंनी वाद घातला नाही. बाकावर एक बाई अर्जासाठी बसली होती, तिचा अर्ज त्यांनी पुरा केला, थांबत थांबत. मग उठले. खुर्चीवरचं कातडं झटकलं, घडी करून काखेत मारलं. दारात वळून मशीनकडे पाहिलं.

"त्याला सकाळी फार ओरडू नका," एवढंच म्हणाले आणि उतारावरून खाली गेले. येशीने मान वर केली नाही. झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला होता असं तिने स्वतःला सांगितलं.

त्यांच्या जागी त्सियोन आली. नुकती कॉलेजातून निघालेली, बोटं अशी की नजर ठरू नये. पहिल्या सकाळी रांग नव्या मुलीला बघायलाच आली. त्सियोनने टकाटक एक ओळ मारली आणि थांबली. पडद्याकडे बघत बसली. मग अक्षरं भडाभडा आली.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "हे नेहमी असं करतं?"

येशीच्या हातातला कागद हातातच राहिला. ती पुढे गेली, खुर्चीमागे उभी राहिली. पहिल्यांदा. त्सियोनने शब्द मारला, पडदा कोरा, हात उचलले. अगदी तसेच, जसे गाशे उचलायचे. डब्यावरचा दिवा लुकलुकत होता. आत कुरकुर चालू होती.

तिने तशीच माणूस पाठवून सुराफेलला बोलावलं. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून तो मोकळा होता, नाहीतर तेव्हाही दुपारीच आला असता. तो बसला, आत काय काय चाललंय ते पडद्यावर उघडलं, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"व्हायरस तपासणी चालू आहे. सगळी डिस्क खरवडून काढतंय. कुणी लावली ही?"

"आम्ही कुणी नाही."

"जुन्या मालकांची दिसतेय. ते मशीन रात्रभर चालू ठेवत असतील. रोज रात्री दोन वाजता, असं लावलंय. ऑफिसात कुणी नसताना झाडलोट करून घ्यायची, अशी रीत असते." तो थांबला. "पण मग आत्ता का चाललीय?" त्याने कोपऱ्यात पाहिलं. "इतिये येशी, हे घड्याळ चुकलंय."

"चुकलेलं नाही. दोन वाजून गेलेत, बरोबर आहे."

"आपले दोन! त्याला आपलं काय माहीत? त्याच्या लेखी आत्ता मध्यरात्र उलटलीय. अख्खं गाव झोपलंय असं समजून ते झाडलोट करत बसतंय, आणि तुम्ही त्याच्याकडून अर्ज लिहून घेताय. जुनी डिस्क, एका वेळी दोन कामं कुठून झेपणार? दुपारपर्यंत त्याचं आटोपतं. म्हणून मी यायचो तेव्हा..." त्याने येशीकडे पाहिलं. "घड्याळ कुणी फिरवलं?"

येशीला दुकानातलं काही दिसत नव्हतं. सकाळी याला झोप येते, असं म्हणणारा चष्म्यावरचा चेहरा तेवढा दिसत होता. आणि ते आयुष्य देणारे शब्द. घड्याळ फिरवलं तिने, ते सुद्धा त्यांना कुणी हसू नये म्हणून. आणि मग भर दुकानात त्यांना हसणारी तीच.

"मीच म्हणालो होतो, बसणारा हळू झालाय," सुराफेल खाली बघत म्हणाला.

"तू म्हणालास. मी ऐकलं," येशी म्हणाली. "तू त्यांचा कोण होतास? मी तर..."

तपासणीची वेळ बदलायला जुन्या मालकांचा पासवर्ड लागत होता, म्हणून सुराफेलने घड्याळच पुन्हा फिरंगी करून दिलं आणि मशीन बंद करून सुरू केलं. तपासणी बंद पडली आणि मशीन सकाळच्या सकाळी पळायला लागलं. येशीने दुकान त्सियोनवर टाकलं आणि देवळामागच्या गाशेंच्या घरी गेली.

सेनाईत अंगणात कॉफीचे दाणे भाजत होती. तिने येशीला पाहिलं, आणि नेहमीची क्षेमकुशलाची लांबलचक चौकशीसुद्धा केली नाही. "आलीस? बघ तिकडे. रोज कोर्टाच्या वेळेला आंघोळ करून, गाबी घेऊन दारात बसतात. कुठे जायचं म्हटलं तर म्हणतात, कुठे नाही."

गाशे भिंतीला टेकून उन्हात बसले होते. येशी त्यांच्या पायाशी बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. घड्याळ, मध्यरात्र, झाडलोट, सगळं. गाशे ऐकत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"म्हणजे पेंगतच होतं ते."

"हो गाशे. तुम्ही म्हणत होतात तेच खरं. चूक माझी. माझ्या तोंडाला आग लागो, काय बोलले मी तुम्हाला!"

"तू म्हणालीस तेव्हा मला राग आला होता," गाशे म्हणाले. "मग मी माझ्याकडे बघायला लागलो. चमचा उचलताना बघायचो, बूट बांधताना बघायचो. आणि खरंच गं, हळूच झालोय मी."

"तसं नाही गाशे! ते मशीन होतं! उद्या या. तुमची खुर्ची आहे. मी तुमच्या पाया पडते."

त्यांना यायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण ती रडत होती, आणि बाई रडत असताना नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी गाशे आले. काखेत कातड्याची घडी. त्सियोन पटकन उठली, त्यांनी कातडं अंथरलं, बसले. रांगेत जुनी माणसं होती, त्यांनी कल्ला केला. "गाशे आले! आता माझा मेव्हणा मेला!" पहिला पुढे आला आणि मेव्हण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागला. गाशेंनी नेहमीसारखं बघितलं चष्म्यावरून. "मेव्हण्याचं राहू दे. गाय कुणाच्या नावावर?"

येशी झेरॉक्स सोडून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. तिला वाटलं, मिळालं, सगळं परत मिळालं.

गाशेंनी पहिला शब्द टाइप केला. तो तिथल्या तिथे पडद्यावर आला. गाशेंनी हात उचलले, आणि थांबले.

"गाशे, आलाय तो शब्द," येशी हळूच म्हणाली. "बघा ना. आता थांबायला नको."

"हो, हो. आला की." त्यांनी दुसरा शब्द टाइप केला. तोही आला. त्यांचे हात पुन्हा वर गेले आणि हवेत थांबले, पडद्याची परवानगी मागत असल्यासारखे. मशीन वाट बघत होतं, रांग वाट बघत होती, आणि गाशे मशीनची वाट बघत होते. तिसऱ्या शब्दाला तेच. येशीला ओरडून सांगावंसं वाटलं, की मारा ना गाशे, मारत सुटा! पण तिने एकदा याच जागी त्यांना ओरडून काय सांगितलं होतं, ते तिला आठवलं. तिने तोंड दाबून धरलं.

मागे कुणीतरी खोकलं.

गाशेंनी अर्ज पुरा केला. किती वेळ लागला ते मी सांगत नाही. एकही चूक नव्हती. कागद छापून आला, त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, माणूस म्हणाला, "हेच म्हणायचं होतं मला," आणि घाईने कोर्टाकडे पळाला. मग गाशेंनी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. बोटांवर मोजून सहा वजा केले.

"पुन्हा फिरंगी केलंस ना याला?" त्यांनी विचारलं.

"करावं लागलं, गाशे."

"बरं केलंस. माझ्यासाठी कशाला सगळ्यांचा खोळंबा." ते खुर्चीच्या हातांना धरून उठले. त्सियोनला म्हणाले, "ये बाळ, बस." ती बसली. ते दाराकडे निघाले, तशी तिला अंगाखाली कातडं लागलं आणि ती ते ओढून काढायला लागली. "गाशे, तुमचं हे राहिलं."

"असू दे. सकाळी इथे थंडी फार असते," गाशे म्हणाले.

येशी दारापर्यंत धावली. पुढे तिला जाववेना. उतारावरून रिकाम्या काखेने ते सावकाश खाली जात होते, आणि मागे दुकानात त्सियोनची बोटं न थांबता चालली होती.